शी लागली, शी झाली

(नभोवाणीवर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही. कुणी नाश्त्याच्या टेबलावर ही पुरवणी उघडली असेल, तर हे पान थोडं उशिरा वाचलंत तरी चालेल. पण ज्यांच्या घरात दीड-दोन वर्षांचं मूल आहे, त्यांच्याकडे नेमका जेवणाच्या वेळीच हा विषय निघतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. पहिला घास तोंडात जातो आणि पडद्यामागून एक लालबुंद चेहरा बाहेर डोकावतो. पुढचं सांगायला नको.

आपल्या मराठीत एक मोठी गंमत आहे. लहान मुलाच्या शौचाला आपण ‘शी’ म्हणतो, आणि एखाद्या गोष्टीची किळस आली की तोंडातून निघतो तो उद्गारही ‘शी’च. लिहिताना दोन्ही सारखे. फरक काय तो सुराचा. ‘शी करायची ना माझ्या राजाला?’ हा एक सूर, आणि ‘शीऽऽ! काय करून ठेवलंस हे!’ हा दुसरा. घाटकोपर-मुलुंडच्या आमच्या गुजराती शेजाऱ्यांकडेही तेच. त्यांचा ‘छी’ दोन्हीकडे चालतो. मोठ्या माणसांना हा फरक कळतो. दोन वर्षांच्या मुलाला मात्र एवढंच कळतं की आपल्या पोटातून जे बाहेर येतं त्याचं नाव घेताना आईचा चेहरा कधी हसरा असतो, तर कधी वाकडा. ते वाकड्या चेहऱ्याची आठवण जास्त ठेवतं.

गेली अनेक वर्षं मी मुंबईच्या पूर्व उपनगरांत बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. आधी घाटकोपरला, आता मुलुंडला. ताप, खोकला, लस यांसाठी आलेले आईबाप उठताना दारापाशी थांबतात आणि म्हणतात, ‘डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं.’ हे ‘अजून एक’ बहुतेक वेळा शी-शूचं असतं. ‘कधी सुरू करू?’, ‘कोणतं पॉट घेऊ?’ असे प्रश्न असतात. ‘काय बोलू?’ असं मात्र क्वचितच कुणी विचारतं. खरं तर पॉटच्या रंगापेक्षा आणि आकारापेक्षा त्याच्या बाजूला बसून आपण काय बोलतो, याचा परिणाम कितीतरी मोठा असतो.

हे केवळ माझं मत नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ब्रूस टॉबमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४०० मुलांचे दोन गट त्यांनी केले. एका गटातल्या आईबापांना सांगितलं, की मुलाच्या शौचाबद्दल ‘घाण’, ‘वास मारतोय’ असलं काही बोलू नका. उलट पॉटची सवय लावायला घेण्याआधीच, मुलाने डायपरमध्ये शी केली तरी त्याचं कौतुक करा. निष्कर्ष वाचण्यासारखा आहे. पॉटवर शी करायला ठाम नकार देणारी मुलं दोन्ही गटांत जवळपास सारखीच निघाली. पण ज्या घरात बोलणं बदललं होतं, तिथल्या मुलांचा हा नकार लवकर संपला आणि त्यांना सवयही लवकर लागली. थोडक्यात, गोड बोलण्याने मुलाचा हट्ट टळत नाही, पण तो लवकर सुटतो.

आजीचे पाय आणि जूनची घाई

हे बोलणं आपल्याकडे पूर्वी फार लवकर सुरू व्हायचं. आजी जमिनीवर पाय पसरून बसायची, दोन पावलांच्या मध्ये बाळाला बसवायची आणि ओठांनी ‘शूऽऽ’ असा आवाज काढायची. बाळ चार महिन्यांचंही नसेल. त्याला भाषा कुठून येणार? पण दूध पिऊन किती वेळाने त्याला होते, होण्याआधी ते कसं कण्हतं, चेहरा कसा करतं, हे आजीला पाठ असायचं. पूर्व आफ्रिकेतल्या दिगो समाजातही हीच पद्धत होती. तिथली बाळं सहा महिन्यांच्या आत, आईने धरलं की शू करायला शिकतात, असं १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात नोंदवलेलं आहे. म्हणजे आमच्या आज्या काही अडाणीपणा करत नव्हत्या.

पाश्चात्त्य देशांत मात्र दोन्ही टोकं गाठून झाली. १९३० च्या सुमारास अमेरिकेत सरकारी पुस्तिकाच आयांना सांगत, की बाळ सहा-आठ महिन्यांचं व्हायच्या आत घड्याळ लावून ही सवय पुरी करा. त्याची प्रतिक्रिया पुढे उमटली. १९६२ साली डॉ. टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १,१७० मुलांच्या नोंदींवर आधारलेला लेख लिहिला. मूल स्वतः तयार होईपर्यंत थांबा, घाई करू नका, असं त्यांचं सांगणं होतं. त्यांच्याकडची मुलं सरासरी २८ ते २९ महिन्यांची होईपर्यंत दिवसा कोरडी राहू लागली होती. आज बहुतेक बालरोगतज्ज्ञ याच वाटेने सल्ला देतात.

आता आपल्या उपनगरातलं घर बघू. बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये आई-बाबा दोघंही सकाळची फास्ट लोकल पकडायला धावताहेत, आजी गावी आहे, मूल दिवसभर पाळणाघरात आहे. तिथे पाय पसरून बाळाची वाट बघत बसायला कोण आहे? म्हणून आजीची पद्धत मागे पडली, यात कुणाला दोष द्यायचं कारण नाही. आजी घरात असेल आणि तिला हौस असेल तर तिची पद्धत खुशाल चालू द्या. नसेल तर मूल बोलू लागेपर्यंत थांबा. दोन्ही वाटांनी मुलं मुक्कामाला पोचतात.

फसते ती तिसरी वाट. अडीच वर्षं डायपर चोवीस तास चालू राहतो, त्याबद्दल घरात एक शब्द निघत नाही. मग मे महिन्यात नर्सरीचा फॉर्म हातात येतो. त्यावर ‘मुलाला टॉयलेटची सवय असावी’ अशी ओळ असते. शाळा जूनमध्ये सुरू होणार. पंधरा दिवसांत सवय लावायची म्हणून घर युद्धपातळीवर कामाला लागतं, आणि मूल त्याच युद्धपातळीवर विरोधात उभं राहतं. त्यात पाऊस सुरू होतो, धुतलेल्या चड्ड्या तीन-तीन दिवस वाळत नाहीत, आणि आईच्या आवाजाची पट्टी वर जाते. मुहूर्तच बघायचा असेल तर दिवाळीनंतरचे कोरडे महिने बघा.

मूल तयार झालं हे ओळखायला फार काही लागत नाही. सलग दोन तास ते कोरडं राहतं, ‘चप्पल आण आणि इथे ठेव’ अशा दोन सूचना त्याला लागोपाठ कळतात, चड्डी खाली ओढता येते, आणि ओल्या चड्डीचा त्याला कंटाळा येऊ लागतो. हे साधारण दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान दिसतं. कुणाचं आधी, कुणाचं नंतर. शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलाचं वेळापत्रक आपल्या मुलाला लागू नसतं.

लागली, होतेय, झाली

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आपल्या भाषेने या कामासाठी फार सोयीची क्रियापदं करून ठेवली आहेत. ‘मला भूक लागली’, ‘मला तहान लागली’, ‘मला झोप आली’, तसंच ‘मला शू लागली’, ‘मला शी आली’. ही सगळी शरीराने आपल्याला पाठवलेली निरोपांची नावं आहेत. भूक लागणं काय असतं हे मुलाला आधीच ठाऊक असतं. तेव्हा ‘पोट सांगतं ना भूक लागली म्हणून? तसंच पोट सांगतं, शी लागली’ हे त्याला चटकन पटतं.

पण ‘लागली’ हा निरोप मुलाला एकदम ऐकू येत नाही. सगळ्यात आधी कळतं ते ‘झाली’. चड्डी ओली झाली की मग ते येऊन सांगतं. काही आठवड्यांनी ‘होतेय’ कळू लागतं. खेळता खेळता मूल एकदम थांबतं, पाय आवळतं, नजर कुठेतरी लावून उभं राहतं. ‘लागली’ कळतं ते सगळ्यात शेवटी. मूत्राशय भरत आल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचणं आणि तेवढा वेळ थांबवून धरणं, या दोन्ही गोष्टी जमायला मज्जासंस्था तेवढी पिकावी लागते. दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात मावतं साधारण ९० ते १२० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक लहान कप. तेव्हा सूचना आणि घटना यांत फार अंतर नसतं.

आता बघा आपण काय करतो. मूल ओली चड्डी घेऊन येतं आणि सांगतं, ‘आई, शी झाली.’ आपण म्हणतो, ‘आता सांगतोस? आधी सांगायला काय झालं होतं?’ बिचारं मूल पहिल्या इयत्तेत पास होऊन निकाल दाखवायला आलेलं असतं, आणि आपण त्याला तिसरीचा पेपर का नाही लिहिलास म्हणून ओरडतो. असं चार वेळा झालं की त्याला एकच धडा मिळतो, की सांगितलं तर बोलणी बसतात. पुढच्या वेळी ते सांगत नाही, पडद्यामागे जाऊन उभं राहतं.

म्हणून ‘झाली’ या बातमीचं स्वागत करायला शिका. ‘शी झाली का? बरं झालं सांगितलंस. चल, धुऊया.’ एवढंच पुरे. काही दिवसांनी मूल मध्येच थांबलेलं दिसलं की आपण त्याला शब्द द्यायचा, ‘तुला शू होतेय वाटतं. चल पळूया!’ निम्मी शू वाटेत सांडेल, सांडू दे. उरलेली पॉटमध्ये पडली तरी ती मोठी मजल आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘चड्डीत शी केलीस’ आणि ‘चड्डीत शी झाली’ या दोन वाक्यांत किती अंतर आहे! पहिल्यात आरोपी आहे, दुसऱ्यात फक्त घटना. मुलाने ती मुद्दाम केलेली नसते. ‘झाली’ म्हणा. मात्र पॉटवर झाली, तर तिथे खुशाल ‘केलीस’ म्हणा. ‘अरे वा, आज पॉटवर शू केलीस!’ चुकलं तर ‘झाली’ आणि जमलं तर ‘केलीस’, हा नियम एकदा जिभेवर बसला की अर्धं काम झालं.

प्रश्न कमी, निरोप जास्त

‘शू आली का? शू आली का?’ असं दर दहा मिनिटांनी विचारणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. दोन वर्षांच्या मुलाचं कुठल्याही प्रश्नाला आवडतं उत्तर एकच असतं, ‘नाही’. तो त्याचा वयोधर्म आहे. नुकतंच त्याला कळलेलं असतं की आपण आईपेक्षा वेगळे आहोत आणि नाही म्हणू शकतो. तेव्हा जिथे ‘नाही’ ऐकून घ्यायची आपली तयारी नाही, तिथे प्रश्न विचारूच नये. सरळ सांगावं, ‘आता आपण खाली खेळायला जायचंय. आधी शू, मग चप्पल.’ जेवण झालं, शू. झोपून उठला, शू. बाहेर निघताना शू. दिवसाच्या घडामोडींना हे काम जोडून टाकलं की त्याची आज्ञा वाटत नाही. आपण जेवणाआधी हात धुतो तसंच ते होतं.

निवड द्यायची असेल तर छोटी द्या. ‘पॉटवर बसतेस की मोठ्या कमोडवर?’, ‘चड्डी मी काढू की तू काढतेस?’ यात मुलीला आपलं चालतं असं वाटतं आणि काम होतं. पण ‘जायचंय का?’ ही निवड देऊन मग ओढत नेऊ नये.

शी साठी उत्तम वेळ म्हणजे नाश्त्यानंतरची. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलू लागतं, ही निसर्गाची व्यवस्था आहे. तेव्हा पाच मिनिटं बसवा. जवळ बसा, गोष्ट सांगा, मोबाईल मात्र नको. मोबाईलमध्ये मूल इतकं रमतं की शरीराचा निरोप त्याला ऐकू येत नाही. पाच मिनिटांत झाली नाही तर ‘आज नाही आली. आली की सांग हं’ म्हणून उठवा. अर्धा-पाऊण तास बसवून ठेवणं ही शिक्षा आहे, आणि मुलाला ती शिक्षाच वाटते. कमोडवर बसवलं आणि पाय लोंबकळत असले तर त्याला जोर लावता येत नाही, शिवाय आत पडण्याची भीती वाटते. पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल ठेवा. फ्लशच्या आवाजाला काही मुलं फार घाबरतात. ‘तू बाहेर गेलास की मी करते’ असं सांगा. काहींना उलट शीला टाटा करायला आवडतं. तेही चालेल.

कौतुकाबद्दलही थोडं सांगते. पॉटमध्ये चार थेंब पडले की घरभर टाळ्या, नाच, आणि पुण्याच्या मामाला व्हिडिओ कॉल! दुसऱ्या दिवशी मूल पॉटवर बसतं ते प्रेक्षक जमलेत का हे बघत. नाही जमलं की त्याला अपयश आल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा जे घडलं ते त्याला साध्या शब्दांत सांगा. ‘तुला कळलं, तू धावत आलास, आणि चड्डी कोरडी राहिली.’ यात मुलाला आपण काय बरोबर केलं ते कळतं. आणि पॉटवर बसलेल्या मुलाचे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कृपा करून टाकू नका. आपले टाकले तर आपल्याला चालतील का, एवढा विचार करा.

दुसऱ्या मुलाशी तुलना, ‘बाळ आहेस का अजून?’ असे टोमणे, ‘पोलीसकाका येतील’, ‘डॉक्टर सुई टोचतील’ या धमक्या, यांतलं काहीही उपयोगाचं नाही. शेवटच्या धमकीबद्दल तर माझी स्वतःची तक्रार आहे. तुम्ही माझ्या नावाने असा धाक घालता आणि मग लस द्यायला मूल माझ्याकडे आणता!

शी अडते तेव्हा

इतका वेळ मी जे हलक्या सुरात सांगितलं, त्यामागे एक दुखणं आहे. पडद्यामागे, सोफ्यामागे लपून शी करणारं मूल पाहून आपण हसतो. पण अशी लपणारी मुलं पुढे पॉटला नकार देण्याचं आणि त्यांना बद्धकोष्ठ होण्याचं प्रमाण जास्त असतं, असं टॉबमन यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं. लपण्याचा अर्थ असा, की मुलाला शी लागल्याचं कळतं आहे, पण ती कुणाला दिसू नये असंही वाटतं आहे.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांत हे चक्र वर्षानुवर्षं तसंच दिसतं. एकदा कडक शी होते, दुखतं. किंवा कुठेतरी चड्डीत झाली म्हणून मूल सगळ्यांसमोर ओरडा खातं. मग ते ठरवतं की आता करायचीच नाही. शी आली की ते पाय आवळून, टाचा उचलून, भिंतीला टेकून उभं राहतं. घरच्यांना वाटतं जोर लावतंय, पण ते प्रत्यक्षात दाबून धरत असतं. आत राहिलेली शी कोरडी आणि आणखी कडक होते, पुढच्या वेळी जास्त दुखतं, आणि मूल जास्त दाबतं. असं आठवडेच्या आठवडे चाललं की मोठं आतडं ताणलं जातं आणि जाणीवच बोथट होते. मग साठलेल्या खड्याच्या बाजूने पातळ शी नकळत चड्डीत झिरपत राहते. आई म्हणते, ‘डॉक्टर, जुलाब होताहेत’, किंवा ‘मुद्दाम चड्डी घाण करतो, मार खाऊनही ऐकत नाही.’ ते जुलाबही नसतात आणि खोडीही नसते. ते तुंबलेलं बद्धकोष्ठ असतं आणि त्याला मार नको, औषध हवं. कधीकधी ते औषध काही महिने द्यावं लागतं. विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची वडी घालण्याचे घरगुती उपाय करू नका. जिथे आधीच भीती बसली आहे तिथे हात लावून ती दुप्पट होते.

हे टाळण्यासाठी पाणी, भाज्या, पपईसारखी फळं द्या. दिवसाला दूध अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. बाटली-बाटली दूध आणि बिस्किटं यांवर वाढणाऱ्या मुलांना खडा होतो. आणि शी कडक असेल तर पॉटची सवय लावणं काही आठवडे बाजूला ठेवा. आधी ती मऊ होऊ द्या, दुखणं विसरू द्या. पुन्हा डायपर लावावा लागला तरी त्यात हार नाही.

घराबाहेरची बोली

उपनगरातलं मूल दिवसभरात चार भाषा ऐकतं. घरी ‘शी-शू’, शेजारी ‘छी-पीपी’, पाळणाघरात ‘सूसू-पॉटी’, नर्सरीत ‘वॉशरूम’. पाळणाघरातल्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगा, की आमची मुलगी काय म्हणते, आणि शू लागली की कशी चुळबुळ करते. तुमच्या घरी डायपर काढलेला आणि तिकडे लावलेला असेल तर मुलाचा गोंधळ होतो, म्हणून त्यांच्याशी बोलूनच सुरुवात करा. दहा मुलांचं बघणाऱ्या बाईंना कामं थोडी नसतात. दोन जादा चड्ड्या आणि एक गोड शब्द तुमच्याकडून जाऊ द्या.

सगळीकडे फ्लॅट नाहीत. असल्फ्याच्या टेकडीवर किंवा जुन्या चाळीत संडास सामाईक असतो, सकाळी रांग असते, पाण्याची वेळ ठरलेली असते. अशा घरात मूल बाहेर गटाराच्या कडेला बसतं किंवा घरात रद्दी पेपरवर. मी त्यांना सांगते, घरात एक छोटं पॉट ठेवा आणि त्यातली शी संडासातच टाका. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे. जुलाब, कावीळ, विषमज्वर तिच्यातूनही पसरतात. म्हणून मुलाचे आणि आपलेही हात साबणाने धुवा. ‘शी घाण आहे’ असं न म्हणताही हे सांगता येतं. ‘शीची जागा संडासात, आपली जागा घरात. आता हात धुऊया.’

मे महिन्यात गावी गेलं की घरी शिकलेलं मूल सगळं विसरतं. कोकणातल्या घरामागचा अंधारा संडास, अनोळखी बैठक, पाली! तसंच धाकटं भावंडं आलं, घर बदललं, आजारपण झालं की गाडी मागे येते. तिला पुन्हा रुळावर यायला आठ-पंधरा दिवस द्या. लोकलच्या प्रवासात तर डब्यात शौचालयच नाही. तिथे निघण्यापूर्वीची शू आणि पिशवीतली जादा चड्डी हाच उपाय. रात्रीचं कोरडेपण तर वेगळंच प्रकरण आहे, ते शिकवून येत नाही. पाच वर्षांच्या मुलांतली १५ टक्क्यांच्या आसपास मुलं रात्री अंथरूण ओलं करतात आणि बहुतेकांचं ते आपोआप थांबतं. मात्र चार वर्षं उलटूनही दिवसा जमत नसेल, शू करताना दुखत असेल, शीतून रक्त जात असेल, किंवा कोरडं राहणारं मूल अचानक ओलं करू लागलं असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आपल्याकडे या कामाला शिक्षणाचा मान देणारी माणसं होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला बालवाड्या चालवल्या. तिथे पाटी-पेन्सिलीच्या आधी अंघोळ, नखं, केस यांचा पाठ असे, आणि तो शिक्षिका स्वतःच्या हातांनी देत. मुलाच्या अंगाची किळस न करणं ही त्या शिक्षणाची पहिली अट होती.

शेवटचा मुद्दा जरा गंभीर आहे. शरीराबद्दल मूल आपल्याशी पहिल्यांदा बोलतं ते शी-शूच्या निमित्ताने. याच वयात त्याला शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं सरळ सांगा. ‘तुला धुवायला आई, बाबा, आजी आणि पाळणाघरातल्या मावशी. बाकी कुणी हात लावला तर मला येऊन सांगायचं’ हेही सांगा. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २०१२ साली आपल्याकडे पॉक्सो कायदा झाला. पण कायद्यापर्यंत गोष्ट पोचण्यासाठी आधी मुलाने घरी तोंड उघडायला हवं. ज्या मुलाला ओल्या चड्डीबद्दल सांगितल्यावर बोलणी बसली, ते पुढे याहून मोठी, अवघड गोष्ट सांगायला आपल्याकडे कशाला येईल?

चड्डीचं काय, ती धुता येते. आज ना उद्या प्रत्येक मूल कोरडं राहायला शिकतंच. आपल्याला जपायचं आहे ते त्याचं धावत येणं. तेव्हा उद्या जेवताना हाक आलीच, तर ताट झाका, हात धुवा, आणि उठताना चेहरा सरळ ठेवून म्हणा, ‘झाली का? बरं झालं सांगितलंस.’